सही मिळणार नाही

नाही. सही मिळणार नाही, शिफारशीचं पत्र मिळणार नाही, आणि ‘आमच्या मॅडमना विचारलंय, त्या हो म्हणाल्या’ असं हॅवलॉकच्या डाइव्ह सेंटरला माझ्या नावावर खपवायचंही नाही. बस तिथे पायरीवर. बाकीच्यांनी कपडे बदलायला पळू नका. तुमच्यातले दोघे याच्याच ग्रुपमध्ये आहेत हे मला ठाऊक आहे, आणि जे नाहीत ते पुढच्या वर्षी असतील.

‘डीप डाइव्हसाठी माझा अनुभव पुरे आहे ना,’ असं विचारत आलास. कधी विचारलंस? पोर्ट ब्लेअरचं तिकीट काढून झाल्यावर. हॅवलॉकच्या फेरीचं बुकिंग झालं, हॉटेलला आगाऊ पैसे गेले, घोडबंदर रोडवरचे तुझे ऑफिसचे मित्र रोज रात्री ग्रुपवर तीस मीटरच्या खडकांचे व्हिडिओ टाकतायत, आणि निघायला तीन आठवडे राहिल्यावर तुला अनुभवाची आठवण झाली. तुला उत्तर नकोच आहे. कोणाची तरी मान हललेली हवी आहे, म्हणजे उद्या काही झालंच तर बोट दाखवायला जागा राहील. खरंच विचारायचं असतं तर पैसे भरायच्या आधी आला असतास, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून आला असतास.

आण ती लॉगबुकची वही.

बारा नोंदी. त्यातल्या पहिल्या पाच मालवणच्या. त्या मी मोजत नाही. तोंड वाकडं करू नकोस, सांगते का ते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पाच-सहा मीटर पाण्यात तू गेलास. सिलिंडर कोणी जोडला? मालवणच्या मुलानं. तुझ्या कमरेला वजन किती लावायचं ते कोणी ठरवलं? त्यानं. कान दुखले तेव्हा थांबवलं कोणी, वर आणलं कोणी, गेज कोणी वाचला? त्यानंच. त्यानं तुझ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मागून एका हातानं धरला होता आणि दुसऱ्या हातानं तुझा व्हिडिओ काढत होता. डोंबिवलीला सकाळच्या फास्टमध्ये माणूस चढत नाही, मागच्या गर्दीकडून चढवला जातो. तुझ्या त्या पाच डाइव्ह अशाच झाल्या. पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडणाऱ्याला तो अनुभव उत्तम आहे, मी स्वतः लोकांना तिकडे पाठवते. गाबितांची ती पोरं त्याच पाण्यात वाढलेली आहेत, त्यांना तिथला खडक न् खडक माहीत. पण तो अनुभव त्यांचा. तुझ्या वहीत तो चुकून लिहिला गेलाय.

पुढच्या चार नोंदी ओपन वॉटर कोर्सच्या. त्यात तू गुडघ्यावर बसून मास्कमधलं पाणी काढलंस, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घातलास, आणि अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी असलेलं कार्ड मिळवलंस. छान. उरल्या तीन, गोव्यात ग्रँड आयलंडच्या. सहा जणांचा घोळका, पुढे एक गाईड, मागे तुम्ही. आता गंमत बघ. बाराच्या बारा नोंदींत सगळ्यात जास्त खोली किती गेलास तो रकाना भरलेला आहे, ठळक अक्षरात. सुरुवातीला हवा किती होती आणि वर आल्यावर किती उरली, हा रकाना अकरा नोंदींत कोरा. बाराव्या नोंदीत भरलाय, पण ते अक्षर तुझं नाही. गाईडनं भरलाय.

मला तुझ्याबद्दल जे कळायचं होतं ते या कोऱ्या रकान्यांतून कळलं. तू आजवर एकदाही स्वतः डाइव्ह केलेली नाहीस. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायलास.

‘पण मॅडम, पॅडीचा अॅडव्हान्स्ड कोर्स तर मला आत्ताही करता येतो.’ येतो की! ओपन वॉटर संपलं की दुसऱ्या दिवशी सुरू करता येतो, दोन दिवसांत पाच डाइव्ह, आणि तीस मीटरचं कार्ड खिशात. चार अधिक पाच, नऊ डाइव्हमध्ये माणूस ‘अॅडव्हान्स्ड’. पॅडीसारखीच दुसरी एक मोठी संस्था आहे, एसएसआय. तीच उपाधी द्यायला ती चोवीस डाइव्ह आणि चार वेगवेगळे विशेष कोर्स मागते. समुद्र तोच, माणूस तोच, फक्त दुकान वेगळं. मग खरं कोणाचं? माझं मत विचारशील तर चोवीससुद्धा कमी आहेत. पण वाद आकड्याचा नाहीच. बारा मीटर पहिल्यांदा येणाऱ्यासाठी, अठरा ओपन वॉटरला, तीस अॅडव्हान्स्डला, चाळीस डीपचा विशेष कोर्स केलेल्याला, आणि चाळीसच्या खाली हौशी माणसाचं काम नाही. या सगळ्या कमाल मर्यादा आहेत. महामार्गावर शंभरची पाटी आहे म्हणून काल लायसन्स मिळालेल्यानं शंभरनं गाडी हाकायची नसते, हे तुला गाडीच्या बाबतीत कळतं. पाण्याखाली गेलं की अक्कल वर काठावर ठेवून जाता तुम्ही.

आणि ते ‘मी धरमतर-गेटवे रिलेमध्ये पोहलोय’ हे मला पुन्हा ऐकवू नकोस. पोहणारा म्हणून तू चांगला आहेस, मीच तुला घडवलंय. पण पोहणाऱ्याच्या अंगात एक सवय असते, आणि डाइव्हिंगमध्ये ती जीव घेते. जोर लावायचा झाला की तू श्वास रोखतोस. घाबरलास तरी रोखतोस. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छाती भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणलीस तर पृष्ठभागावर येताना ती दुप्पट जागा मागणार. छातीत तेवढी जागा नाही. फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते, तिथून मेंदूत. यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. भरल्या छातीनं दीड-दोन मीटर वर आलेल्यांनाही इजा झालेल्या आहेत. बॉईलचा नियम शिकला होतास ना? पेपरात लिहिलाही असशील. आता तो छातीत वापरायचा आहे.

मागच्या रविवारी याच तलावात, चार मीटरवर, तुला मास्क काढून एक मिनिट बसायला सांगितलं होतं. किती बसलास? तीन सेकंद. मग नाक धरून थेट वर. इथे वर आलास, खोकलास, हसलास, सगळे हसले. तीस मीटरवरून असाच वर आलास तर कोणी हसणार नाही. आणि मास्क तिथे मी काढणार नाही. पुढच्याच्या फिनचा फटका बसून निघेल, तू दुसरीकडे बघत असताना.

पेन्सिल घे. हो, ओल्या हातानं. लिही.

त्या बाराव्या नोंदीतले गाईडचे आकडे घेऊ. सरासरी खोली दहा मीटर, वेळ तीस मिनिटं, सिलिंडर २०० बारवरून ५० वर. आपला नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर अकरा लिटरचा. १५० बार गुणिले ११, म्हणजे १,६५० लिटर हवा ओढलीस. दहा मीटरला दाब दुप्पट, म्हणून भागिले दोन, भागिले तीस मिनिटं. मिनिटाला साडेसत्तावीस लिटर. सत्तावीस धरू. सराव असलेल्या माणसाचा हाच आकडा पंधरा-सोळाच्या घरात असतो. तू पाण्यात हात मारतोस, वरखाली होतोस, वजन जास्त लावतोस, म्हणून दीडपटीच्या वर जातोस.

आता तीस मीटर. दाब चौपट. मिनिटाला १०८ लिटर. पन्नास बार राखून ठेवायचे तर तुझ्याकडे तेच १,६५० लिटर. पंधरा मिनिटं. त्यात खाली जाणं आलं, वर येणं आलं, पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप आला. बघायला काय उरलं? घोडबंदरवरून अंदमानपर्यंत जायचं आणि खडकाजवळ जेमतेम काही मिनिटं थांबायचं.

हे सगळं सुरळीत झालं तर. आता बिघडवू. तुझ्या जोडीदाराची हवा संपली. तो तुझ्याकडे आला, तुझा दुसरा रेग्युलेटर त्यानं तोंडात घातला. एका सिलिंडरवर दोन माणसं, दोघंही घाबरलेली. घाबरलेला माणूस दुप्पट ओढतो, निदान दुप्पट. सत्तावीसचे झाले चोपन्न. तीस मीटरवर चौपट, २१६. दोघांचे ४३२ लिटर, दर मिनिटाला. एकमेकांना धरायला, खूण करायला, निघायला एक मिनिट धर. ४३२ गेले. मग मिनिटाला नऊ मीटर या बेतानं वर यायचं, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. त्या वाटेवरचा सरासरी दाब अडीचपट. दोघांचे मिनिटाला २७०, एकूण ९००. बेरीज कर. १,३३२ लिटर. अकरानं भाग.

एकशे एकवीस बार. सेफ्टी स्टॉप न करता.

म्हणजे तीस मीटरवर गेज एकशे एकवीस दाखवतो, सिलिंडर अर्ध्याहून जास्त भरलेला आहे, आणि त्याच क्षणी तुला परत फिरायला हवं. पन्नासवर नाही. पन्नासला निघालास तर तुम्हा दोघांना तिथे सव्वा मिनिटाची हवा आहे आणि वर यायला तीन मिनिटं वीस सेकंद. हे गणित मी शोधून काढलेलं नाही, खोल जाणारा प्रत्येक शहाणा डाइव्हर बोटीत बसण्याआधी ते करतो. गोव्यात १२० बार दिसले तेव्हा तू काय करत होतास? पोपटमाशाचा व्हिडिओ. आणि गेजकडे बघितलं असतंस तरी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव: पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो. टॉर्च नसेल तर गेजवरचा तो लाल पट्टा तीस मीटरवर लाल दिसत नाही, मळकट दिसतो. आकडाच वाचावा लागतो.

बरं, जोडीदार कोण तुझा? ‘तिथे देतील.’ वा. ज्याच्या सिलिंडरवर तुझा जीव टांगलेला असणार त्याचं नावही तुला माहीत नाही, तो किती हवा ओढतो ते माहीत नाही, तो घाबरला की काय करतो ते माहीत नाही. मुलगी बघायला जाताना तरी घरचे गोत्र विचारतात!

आता दुसरी गोष्ट. गोव्याहून आल्यावर तूच मला सांगत होतास की नायट्रोजनची नशा वगैरे सगळं घाबरवायला सांगतात, तुझ्या मित्राला अठ्ठावीस मीटरवर काहीच झालं नाही, उलट फार मस्त वाटलं. मस्त वाटलं हेच तर झालं. तीसच्या आसपास हवेतला नायट्रोजन मेंदूला गुंगी आणू लागतो. कोणाला आधी, कोणाला नंतर, त्याच माणसाला आज कमी, उद्या जास्त. लक्षण काय? सगळं ठीक चाललंय असं वाटणं. डीपच्या पहिल्या डाइव्हला आम्ही मुद्दाम पाटीवर साधं गणित किंवा उलटे आकडे लिहायला लावतो, आधी काठावर, मग खाली, आणि वेळ मोजतो. खाली वेळ जास्त लागतो, आणि माणसाला वाटत असतं की आपण झटक्यात लिहिलं. आता मघाचं एकशे एकवीसचं गणित त्या डोक्यानं करायचं आहे असं समज. म्हणून ते काठावर पाठ करून जायचं असतं.

शिवाय वेळ. पॅडीच्या तक्त्याप्रमाणे अठरा मीटरवर वाटेत न थांबता वर यायला मुभा आहे छप्पन्न मिनिटांची. तीसवर वीस. चाळीसवर नऊ. उथळ पाण्यात तुझी हवा आधी संपते, वेळ संपत नाही, म्हणून तू वेळेकडे कधी बघितलंच नाहीस. खोल पाण्यात दोन्ही एकदम संपायला येतात. आणि हे मोजायला तुझ्याकडे डाइव्ह कॉम्प्युटर नाही. ‘गाईडकडे असतो.’ गाईडचा कॉम्प्युटर गाईडच्या शरीराचा हिशेब ठेवतो. तू त्याच्या दोन मीटर खाली तरंगत होतास, ते त्या यंत्राला कोण सांगणार?

ती मुदत ओलांडून झपाट्यानं वर आलं की काय होतं ते तुमच्या पिढीला वाचायला कंटाळा येतो. न्यू यॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज बांधताना नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करणारे मजूर वर आले की सांधे धरून वाकायचे. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये त्याच दुखण्यानं आजारी पडला आणि उरलेला पूल खिडकीतून बघत राहिला. काम पुढे त्याची बायको एमिलीनं सांभाळलं. त्यावरचा उपाय, टप्प्याटप्प्यानं वर येण्याचे तक्ते, ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हाल्डेननं १९०८ मध्ये छापले, शेळ्यांवर प्रयोग करून. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन तर दाबाच्या टाकीत स्वतः बसायचा, त्यात पाठीचा कणा दुखावून घेतला, आणि तोच पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन इथलाच झाला. एवढ्या शेळ्यांनी आणि माणसांनी सोसून जो तक्ता केला, त्याचं पान तू कोर्सच्या पुस्तकात उलटून पुढे गेलास.

आणि झालंच काही, तर जायचं कुठे, ते माहीत आहे? दाबाची टाकी लागते, रिकॉम्प्रेशन चेंबर. ती प्रत्येक हॉस्पिटलात नसते. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनीत आहे. अंदमानात पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या धन्वंतरीत. हॅवलॉकवरून पोर्ट ब्लेअरला बोटीनं जायला किती वेळ लागतो ते तुझ्या बुकिंगवर लिहिलंय, वाच. बोटीवर ऑक्सिजन असतो का, विचारलंस त्या सेंटरला? जेवण व्हेज मिळतं का ते विचारलंस, ते मला ग्रुपमधल्या एकीनं सांगितलं.

परतीच्या दिवशीही सकाळी एक डाइव्ह घुसवली आहेस आणि त्याच दिवशीचं विमान. रद्द कर. अनेक डाइव्ह झाल्या असतील तर शेवटची डाइव्ह आणि विमान यांत निदान अठरा तास. मालवणला जाणाऱ्यांनीही ऐका. सहा मीटरच्या स्कूबानं फारसं बिघडत नाही, पण कोर्स करून अठरा मीटरच्या दोन-तीन डाइव्ह मारल्या आणि संध्याकाळी गाडी काढून आंबोलीनं वर चढलात, तर तुम्ही सातशे मीटर उंचीवर जाताय. विमानाचाच नियम तिथेही लागतो. कोकणकन्येनं या, किनाऱ्यानं खालूनच येते ती, ठाण्याला उतरा. चहा तिथे पाजेन.

आता तुझ्या त्या ‘आम्ही कल्याणचे, शिवाजी महाराजांचं आरमार आमच्याकडे सुरू झालं’ या भाषणाबद्दल. झालं, खरं आहे, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर महाराजांनी तिथल्या खाडीत गलबतं बांधायला घेतली. पण ती पाण्यावर चालायला बांधली होती, आणि ज्यांना ते काम येत होतं त्यांच्याकडून बांधून घेतली होती. तुझ्यासारख्याला हाताशी धरून नाही. तुझा वारसा मला वेगळाच दिसतो. दर पावसाळ्यात येऊरच्या, कोंडेश्वरच्या धबधब्यांवर, बारवीकडे, उल्हास नदीत आपल्याच भागातली पोरं बुडतात. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो, फलक लागतो, आणि त्या फलकाला टेकून सेल्फी काढून मग ही पोरं उडी मारतात. पोहता येत नव्हतं म्हणून सगळेच गेले असं नाही. चार मित्र बघत होते, म्हणून बरेच गेले. तुझ्या ग्रुपवर चाळीस जण बघतायत.

खोली तर तुला इतकी चढली आहे की पुढची यादीही तयार आहे. म्हणे आंग्रिया बँक. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या वर, भर समुद्रात. त्या पठाराचा माथाच वीस मीटरच्या आसपास पाण्याखाली आहे. म्हणजे तिथली सगळ्यात उथळ जागा तुझ्या कार्डाच्या मर्यादेखाली! नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ निवतीजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय, ते वाचून तू म्हणालास की आत शिरायचं. बुडालेल्या जहाजात शिरायला वेगळं शिक्षण लागतं, कारण तिथे डोक्यावर पाणी नसतं, लोखंड असतं. वर जायची वाटच नसते.

‘पण गाईड असतो ना बरोबर.’ हे शेवटचं हत्यार तुमचं. इजिप्तमध्ये दहाबला ब्लू होल आहे. २८ एप्रिल २००० ला तिथे एक बावीस वर्षांचा डाइव्हर हवेचा एकच सिलिंडर घेऊन उतरला आणि नव्वद मीटरच्या खाली जाऊन मेला. हेल्मेटवरचा त्याचा कॅमेरा सगळं टिपत राहिला. तो नवशिका नव्हता, स्वतः प्रशिक्षक होता. आणि पाण्याखालीच सगळं होतं असंही नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. बोटीवर लाइफ जॅकेट घातलंय की नाही हे गाईडनं सांगायची वाट बघणारा माणूस डीप डाइव्हला निघालाय!

मग मी पास कोणाला करते? विचारतोयस म्हणून सांगते, पण घोकंपट्टी करू नकोस. पाच मीटरवर, दोरीला हात न लावता, तळ नसताना, तीन मिनिटं एका जागी थांबून दाखवणारा मला आवडतो. मी मध्येच बोटांनी खूण करून हवा विचारली की गेजकडे न बघता पाच-दहा बारच्या फरकानं सांगणारा आवडतो. मास्क गेला तरी जो आधी श्वास सोडतो आणि मग हात हलवतो, त्याला मी पंचवीसपर्यंत नेते. स्वतःचं सामान स्वतः जोडतो, आणि जोडीदाराचंही तपासतो, तो चालतो. पण एक गोष्ट या सगळ्याच्या वर आहे आणि ती तुझ्या वहीत कुठेही नाही. बोटीवर सगळे तयार, पैसे भरलेले, पाणी निळंशार, आणि त्यानं सामान उतरवून ‘आज मी येत नाही’ म्हटलंय, असं एकदा तरी झालंय का? कान बंद होता, रात्री झोप झाली नव्हती, नुसतं बरं वाटत नव्हतं, कारण काहीही असो. तू आजवर एक तरी डाइव्ह सोडली आहेस का?

नाही. गोव्यात सर्दी होती तरी गोळी घेऊन गेलास. गोळीचा असर खाली असतानाच ओसरला तर कानात अडकलेली हवा वर येताना सुटत नाही, हे तुला तेव्हाही माहीत होतं, परीक्षेत बरोबर लिहिलं होतंस.

म्हणून ऐक. जायचंय तर जा, अंदमान सुंदर आहे आणि बारा-पंधरा मीटरवरही सुंदरच आहे. प्रवाळाला ऊन लागतं, खोलीची हौस नसते. पहिल्या दिवशी उथळ डाइव्ह मार आणि प्रत्येक पाच मिनिटांनी हवेचा आकडा पाटीवर लिही. कॉम्प्युटर भाड्यानं घे, स्वतःच्या मनगटावर. अॅडव्हान्स्ड करायचंच असेल तर तिथल्या प्रशिक्षकाला ही वही दाखव, मालवणच्या पाचांवर काट मारून, मास्कचे तीन सेकंदही सांग. त्यानं तुला पाण्यात बघून ठरवू दे. तो एकट्या तुझ्याबरोबर यायला तयार असेल तर जा, नाहीतर नाही. तोवर तीन रविवार आहेत, सात वाजता इथे, चार मीटरवर, मास्कशिवाय.

आणि तो वैद्यकीय फॉर्म. सगळीकडे ‘नाही’वर खूण केली आहेस. रक्तदाबाची गोळी घेतोस, तुझ्या आईनं मला सांगितलंय. नवा फॉर्म घे, खरं लिही, डॉक्टरांकडून लेखी घेऊन ये. विमा वगैरेसाठी नाही म्हणत मी. तुला खाली काही झालं तर तुझ्यावर हात टाकणाऱ्याला काय झालंय हे कळायला हवं म्हणून.

आता ऊठ, लॉकरमधून फोन आण. ग्रुपवर लिही की तू तीस मीटरला येणार नाहीस. आत्ता, माझ्यासमोर. कारण लिहायची गरज नाही, माझं नाव तर मुळीच घालायचं नाही. ‘मी येत नाही’, एवढंच. हसतील? हसू देत. काय झालं, बोट का अडलं? पाठव.